वाऱ्याचीही जनसुनावणी व्हावी

(पवनऊर्जा प्रकल्प आणि ग्रामस्थांचा विरोध या विषयावर मानवत, जि. परभणी येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



मानवतची ओळख कापसाची बाजारपेठ म्हणून आहे. काळी कसदार जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि त्यावर उभे असलेले व्यापार-उदीम हे इथल्या जीवनाचे रूप होय. अशा गावात पवनचक्क्यांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मानवतहून दक्षिणेला निघावे, गोदावरी ओलांडावी आणि बीड-धाराशिवकडे बालाघाटच्या रांगांना लागावे, म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. कालपर्यंत ज्या माळांवर ज्वारी आणि शेळ्या-मेंढ्या याखेरीज काही दिसत नसे, त्या माळांवर आज शंभर-दीडशे मीटर उंचीचे मनोरे उभे आहेत. इथल्या अनेक घरांच्या सोयरिकी त्या गावांत आहेत, लेकी तिकडे नांदत आहेत. तिकडचा प्रश्न हा परक्या मुलखातला प्रश्न नव्हे.

त्या गावांतून आज दोन प्रकारचे सूर ऐकू येतात. पवनचक्की आली, कोरडवाहू माळाला मोल आले, हा एक सूर. दुसरा सूर तक्रारीचा आहे. सही एका कागदावर घेतली आणि काम दुसऱ्याच ठिकाणी झाले, रस्ता विचारल्यावाचून शेतातून नेला, भरपाई शेजाऱ्याला एक आणि आपल्याला दुसरी मिळाली, असे तो सांगतो. या दुसऱ्या सुराला 'विकासविरोधी' असे नाव देऊन मोकळे होण्याची एक पद्धत पडून गेली आहे. ही पद्धत अन्यायाची आहे आणि राष्ट्रहिताच्या दृष्टीने अदूरदर्शीपणाचीही आहे.

विरोध वाऱ्याला नाही

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. मराठवाड्याला पवनऊर्जेचे वावडे असण्याचे काहीच कारण नाही. उलट, तिची गरज कोणाला असेल तर ती मराठवाड्यालाच आहे. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. कोळशापासून वीज करायची तर वाफ लागते, ती वाफ पुन्हा थंड करावी लागते आणि त्यासाठी पाण्याचा अखंड पुरवठा लागतो. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. ज्या प्रदेशात माणसांना आणि गुरांना पाणी पुरत नाही, तेथे विजेसाठी पाणी कोठून आणणार? पवनचक्कीला पाण्याचा थेंब लागत नाही, कोळशाची राख होत नाही, धूर निघत नाही. खनिज इंधनासाठी परदेशापुढे हात पसरावा लागू नये, ही देशाची आकांक्षा रास्त आहे. २०३० पर्यंत बिगर-खनिज स्रोतांची क्षमता ५०० गिगावॅटवर नेण्याचे उद्दिष्ट भारताने ठरविले आहे आणि २०२५ मध्ये देशातील पवनऊर्जेच्या स्थापित क्षमतेने ५० गिगावॅटचा टप्पा ओलांडला. हे यश अभिमानास्पद आहे.

म्हणूनच प्रश्न वाऱ्याचा नाही, तो पद्धतीचा आहे. गावाच्या शिवारात एवढी मोठी उलथापालथ होणार असेल, तर ती गावाला विचारून होणार की गावाला कळण्याआधीच होऊन जाणार?

पांढऱ्या यादीतील उद्योग

या प्रश्नाचे मूळ कायद्यात आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. एखादा औष्णिक प्रकल्प, मोठी खाण किंवा मोठे धरण उभे राहायचे असेल, तर केंद्र शासनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन करावे लागते. त्याचा एक भाग म्हणजे जनसुनावणी. जिल्हा प्रशासनाच्या उपस्थितीत लोक आपले म्हणणे मांडतात आणि ते नोंदले जाते. हा सोपस्कार पुष्कळदा नावापुरता होतो हे खरे. तरी बोलण्याची एक जागा कायद्याने दिलेली असते.

पवनऊर्जा प्रकल्पाचा त्या यादीत समावेशच नाही. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची रंगांनुसार वर्गवारी केली, तेव्हा पवनऊर्जेला सर्वांत निरुपद्रवी अशा पांढऱ्या गटात स्थान मिळाले. धुराड्याच्या दृष्टीने पाहिले तर हे योग्यच आहे. परंतु उद्योगाचा उपद्रव केवळ धुरातूनच होतो असे नाही. आजच्या एका मोठ्या पवनचक्कीच्या फिरत्या चक्राचा व्यास सुमारे १४४ मीटर असतो, म्हणजे एकेक पाते जवळजवळ कुतुबमिनाराएवढे लांब. ते पाते वाहून आणणाऱ्या वाहनाला वळायला जागा लागते. डोंगर कापून, बांध मोडून, ओढ्यात भराव टाकून रस्ते करावे लागतात. पायासाठी शेकडो घनमीटर काँक्रीट जमिनीत ओतले जाते. तयार झालेली वीज उपकेंद्रापर्यंत नेण्यासाठी मैलोगणती तारा आणि मनोरे उभे राहतात. यांतील कोणतीही गोष्ट पांढऱ्या यादीत दिसत नाही. कायद्याने निरुपद्रवी ठरविले, म्हणून जनसुनावणी नाही. जनसुनावणी नाही, म्हणून गावाला माहिती नाही. आणि माहिती नाही, म्हणून पुढे संघर्ष, अशी ही साखळी आहे.

साताऱ्याचा धडा

१९८६ मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर शासनाने प्रायोगिक पवनचक्क्या उभारल्या. लहान, पन्नास-पंचावन्न किलोवॅटच्या. खरा विस्तार झाला तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर या पठारांवर. त्या काळी गुंतवणुकीवर पहिल्याच वर्षी मोठा घसारा दाखवून आयकर वाचविण्याची सवलत होती आणि राज्य शासनाच्या करसवलतीही होत्या. साहजिकच अनेक पवनचक्क्यांचे मालक दूरच्या शहरांतील उद्योजक झाले. वारा पाटणचा, जमीन पाटणची आणि करबचत मुंबईची!

त्यानंतर २००३ च्या सुमारास दुष्काळ पडला आणि सातारा-सांगली भागात एक समज वणव्यासारखा पसरला. पवनचक्क्या ढग पळवून लावतात, त्यामुळे पाऊस पडत नाही, असा तो समज. शास्त्रीयदृष्ट्या त्यात तथ्य नाही. मोसमी पावसाची यंत्रणा हजारो किलोमीटर विस्ताराची असते. ढगांचे थर कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत जातात. त्या काळच्या पन्नास-साठ मीटरच्या मनोऱ्यांनी तिला अडवावे ही गोष्ट संभवतच नाही. परंतु शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसण्यापूर्वी विचार करावा. ज्याच्या शिवेवर रातोरात लोखंडाचे अरण्य उभे राहिले, ज्याला कोणी येऊन दोन शब्द समजावून सांगितले नाहीत आणि ज्याच्या डोळ्यांदेखत त्याच वर्षांत पाऊस रुसला, त्याने दोन गोष्टींचा संबंध जोडला तर दोष कोणाचा? अफवा ही पुष्कळदा न दिलेल्या माहितीची जागा भरून काढते. साताऱ्याचा हा धडा दोन्ही बाजूंनी घ्यावयाचा आहे. कंपनीने माहिती दडवू नये आणि विरोध करणाऱ्यानेही खोट्या कारणावर उभे राहू नये. खोटे कारण एकदा उघडे पडले की त्यामागची खरी तक्रारही कोणी ऐकत नाही.

भीमाशंकरच्या डोंगरावर

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले भीमाशंकर हे महाराष्ट्राचे श्रद्धास्थान आहे. भीमा नदीचा उगम तेथला आणि राज्यप्राणी शेकरूचे माहेरघरही तेच. या अरण्याच्या परिसरात, पुणे जिल्ह्यातील खेड आणि मावळ तालुक्यांच्या डोंगरमाथ्यावर, 'आंध्र लेक' नावाचा पवनऊर्जा प्रकल्प आला. १४२ पवनचक्क्या, एकूण ११३.६ मेगावॅट क्षमता आणि त्यासाठी सुमारे १९४ हेक्टर वनजमीन. पंचवीस हजारांहून अधिक झाडे त्यात गेली.

स्थानिक ग्रामस्थ आणि पर्यावरणाचे कार्यकर्ते यांनी याविरुद्ध आवाज उठविला. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने २०११ च्या आपल्या अहवालात या प्रकल्पाचा मुद्दाम उल्लेख केला. परिणाम पाहता क्षेत्रीय वनाधिकाऱ्याने प्रतिकूल मत दिले होते, ते वरिष्ठांनी बाजूला सारले. तीव्र उतारांवर रुंद रस्ते कापल्याने दरडी कोसळल्या आणि राडारोडा सुपीक शेतांत व जलाशयांत उतरला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरावर लोक जात-येत होते, तेथे त्यांनाच अडविण्यात आले. असे या समितीच्या निरीक्षणाचे सार होते. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये परिपत्रक काढून वनजमीन अन्य कामासाठी देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. कागदावर एवढे असूनही डोंगरावर जे घडले ते घडले. कारण गाव जागे झाले तेव्हा रस्ता कापून झाला होता.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातही हाच अनुभव आला. ब्राह्मणवेल-छडवेल परिसरात पवनचक्क्यांचे मोठे क्षेत्र उभे राहिले. ज्या वनजमिनी आपले पूर्वज कसत आले, त्यावर आपला हक्क नोंदला जाण्याआधीच त्या कंपनीकडे गेल्या, हे तेथील वनवासी बांधवांचे गाऱ्हाणे होते. मोर्चे निघाले, धरणी झाली. त्या आंदोलनातील नेतृत्वाची विचारसरणी कोणतीही असो, वनात राहणाऱ्या माणसाचा त्याच्या भूमीवरील हक्क हा कोणा एका पक्षाचा विषय नाही.

बालाघाटच्या माळावर

मराठवाड्यातील स्थिती याहून वेगळी आहे. येथे वनजमीन थोडी, खासगी शेतजमीन अधिक. शासनाने एखाद्या खासगी कंपनीसाठी भूसंपादन केले, तर २०१३ च्या कायद्यानुसार ८० टक्के बाधितांची संमती लागते. पण पवनचक्कीसाठी जमीन बहुधा शासन घेत नाही. कंपनी किंवा तिचा मध्यस्थ थेट शेतकऱ्याच्या ओसरीवर येतो. व्यवहार दोन व्यक्तींमधला, म्हणून ८० टक्क्यांची अट नाही. जनसुनावणी तर नाहीच. एका बाजूला वकिलांची फौज असलेली कंपनी आणि दुसऱ्या बाजूला कर्जाच्या हप्त्याने वाकलेला एकटा शेतकरी.

मध्यस्थाच्या हातात कागदांचा गठ्ठा असतो. त्यातला कोणता कागद खरेदीखत, कोणता भाडेपट्टा, कोणते मुखत्यारपत्र आणि कोणते केवळ संमतिपत्र, हे सही करणाऱ्यास उमगत नाही. पंचवीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा म्हणजे काय? पन्नाशीतला बाप सही करतो, तेव्हा तो आपल्या मुलाच्या ऐन उमेदीची सगळी वर्षे बांधून देत असतो. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात एकदा नोंद चढली की पुढे पीककर्ज, वाटणी, विक्री या प्रत्येक प्रसंगी ती आडवी येऊ शकते. त्यातच जमीन सामायिक असेल तर एका भावाने केलेल्या सहीवरून दुसरा भाऊ न्यायालयाची पायरी चढतो. मराठवाड्यात निजामी राजवटीपासून चालत आलेल्या इनाम जमिनी आणि देवस्थानच्या जमिनी पुष्कळ आहेत. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्यांचा व्यवहार करता येत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

तारांच्या मनोऱ्यांची कथा निराळी. मनोऱ्यासाठी जमीन संपादित होत नाही. १८८५ च्या तार कायद्यापासून चालत आलेल्या अधिकारांच्या आधारे मनोरा शेतात उभा राहतो, मालकी शेतकऱ्याचीच राहते आणि त्याला नुकसानभरपाई द्यावयाची असते. ही भरपाई किती, यावरच बहुतेक तंटे होतात. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१५ मध्ये मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत, अशी मार्गदर्शक तत्त्वे दिली. जून २०२४ मध्ये ती सुधारून हे प्रमाण अनुक्रमे २०० टक्के आणि ३० टक्के करण्यात आले. राज्ये याबाबत आपापले आदेश काढतात. म्हणून आपल्याला लागू असलेला शासन निर्णय कोणता, हे शेतकऱ्याने तहसील कार्यालयात लेखी विचारावे.

जेथे व्यवहार उघड्यावर होत नाही, तेथे धटिंगणांचे फावते. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अमानुष हत्या झाली आणि सारा महाराष्ट्र हादरला. पवनचक्की प्रकल्पाच्या कंपनीकडे दोन कोटी रुपयांची खंडणी मागितल्याचा आणि त्यातूनच पुढचे सारे घडल्याचा आरोप तपास यंत्रणेने आरोपपत्रात केला. प्रकरण न्यायालयापुढे गेले, न्याय न्यायालयच करील. परंतु त्यातून जो बोध घ्यावयाचा तो निकालासाठी थांबत नाही. प्रकल्पाच्या ठिकाणी पहारेकऱ्याला मारहाण झाली, तेव्हा गावाचा सरपंच मध्ये पडला. खंडणीखोर हा कंपनीचा जसा शत्रू, तसाच गावाचाही शत्रू असतो. प्रामाणिक विरोधाची पहिली कसोटी हीच आहे. जो विरोध पाकीट मिळताच थंड होतो, तो विरोध नव्हे, ती वसुली होय. अशा वसुलीने खऱ्या शेतकऱ्याच्या न्याय्य मागणीलाही काळिमा लागतो.

ओरण ते ओस्लो

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. राजस्थानात गावोगावी देवाच्या नावाने राखलेली वने आणि गायराने आहेत, त्यांना 'ओरण' म्हणतात. आपल्याकडच्या देवरायांची ती भावंडेच होत. झाडे वाचविण्यासाठी १७३० मध्ये खेजडली येथे अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, तो हाच मरुप्रदेश. जैसलमेर जिल्ह्यात पवन आणि सौर प्रकल्प व त्यांच्या तारा ओरणांत शिरू लागल्या, तेव्हा देगराय ओरणाच्या परिसरातील ग्रामस्थ पदयात्रा काढून उभे राहिले. त्यांची अडचण अशी की महसुली दप्तरात यातील बरीच भूमी 'पडीक' म्हणून लिहिलेली होती. देवाची म्हणून शतकानुशतके राखलेली जमीन सरकारी कागदावर कोणाचीच नव्हती! १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा वनांचे सर्वेक्षण करून नकाशे तयार करण्याचे आदेश राजस्थान शासनाला दिले. याच भागात उरलेल्या माळढोक पक्ष्यासाठी न्यायालयाने २०२१ मध्ये विजेच्या तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला होता. २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून काय शक्य आहे ते तपासण्याचे काम तज्ज्ञ समितीकडे सोपविण्यात आले. पक्षीही जगावा आणि वीजही मिळावी, हा तोल साधणे सोपे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

नॉर्वे हा युरोपातील संपन्न देश. तेथे फोसेन भागात १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या सामी या मूळनिवासी समाजाच्या रेनडियरच्या हिवाळी कुरणांवर. सामी पशुपालक न्यायालयात गेले आणि ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्या प्रकल्पांचे परवाने अवैध ठरविले. या समाजाच्या आपली संस्कृती जगण्याच्या हक्काचा भंग झाला, असे न्यायालय म्हणाले. पण पाती फिरतच राहिली. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुण राजधानी ओस्लोत मंत्रालयाच्या दारात बसले. शेवटी २०२३ च्या डिसेंबरमध्ये आणि २०२४ च्या मार्चमध्ये भरपाईचे आणि पर्यायी चराऊ भूमीचे करार झाले. यंत्रे मात्र उभीच आहेत. सर्वोच्च न्यायालय जिंकूनही जे परत आले नाही, ते पहिल्या पायाभरणीपूर्वी बोलून वाचविता आले असते.

याच्या उलट उदाहरण डेन्मार्कचे. कोपनहेगनजवळच्या समुद्रात मिडेलग्रुंडेन येथे २००० मध्ये २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, क्षमता ४० मेगावॅट. त्यांतील निम्मा वाटा नगराच्या वीजकंपनीचा आणि निम्मा एका सहकारी संस्थेचा. त्या संस्थेचे आठ हजारांहून अधिक सभासद होते. ज्या पात्यांकडे रोज खिडकीतून पाहावयाचे, त्यांचे मालक आपणच आहोत ही भावना आली की विरोधाचे रूपांतर राखणदारीत होते. सहकार महाराष्ट्राला कोणी शिकवावा? १९५० च्या सुमारास लोणीच्या माळावर शेतकऱ्यांनी पै-पै जमवून प्रवरेचा साखर कारखाना उभा केला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेला तो पाठ आहे. उसाचा मालक कारखान्याचा मालक होऊ शकला, तर माळाच्या मालकाला वाऱ्यात भागी का असू नये?

थोडे गणित

भागीची मागणी करायची तर आकडे ठाऊक हवेत. उदाहरणादाखल ३ मेगावॅटची एक पवनचक्की घेऊ. वर्षाचे ८,७६० तास ती पूर्ण क्षमतेने चालत नाही, कारण आपल्याकडे जोराचा वारा मुख्यतः पावसाळ्याच्या चार महिन्यांत असतो. वर्षाची सरासरी ३० टक्के धरली तर साधारण ७९ लाख युनिट वीज होते. युनिटला साडेतीन रुपये भाव धरल्यास वर्षाचे उत्पन्न पावणेतीन कोटींच्या आसपास जाते. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अशी एक पवनचक्की उभारायला वीस कोटींच्या घरात किंवा त्याहून अधिक भांडवल लागते, त्यावर व्याज आहे, देखभाल आहे. हे दोन्ही आकडे समोर ठेवून जो शेतकरी बोलणीला बसेल, तो अवास्तव मागणार नाही आणि कवडीमोलानेही देणार नाही.

अंतराचेही गणित आहे. केंद्र शासनाच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पवनऊर्जेसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यानुसार आवाजाचा त्रास टाळण्यासाठी राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की नसावी. रस्ते, रेल्वे आणि इमारती यांच्यापासून मनोऱ्याची उंची, अधिक चक्राचा अर्धा व्यास, अधिक ५ मीटर एवढे अंतर राखावे. मनोरा १४० मीटरचा आणि चक्र १४४ मीटरचे असेल, तर १४० अधिक ७२ अधिक ५, म्हणजे २१७ मीटर. मोजणीची साखळी गावातही असते. हे अंतर गावकऱ्यांनी स्वतः मोजून पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

गावाने आपली सुनावणी आपणच घ्यावी

मग करावयाचे काय? कायद्याने जनसुनावणी दिली नाही, तर गावाने ती आपणच घ्यावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. त्याखेरीज विशेष ग्रामसभाही बोलाविता येते. मध्यस्थ गावात दिसू लागला की पहिली सही होण्याआधी तो विषय ग्रामसभेपुढे यावा. कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याला बोलावून नकाशा भिंतीवर लावण्यास सांगावे. किती यंत्रे, कोणत्या गटात, रस्ता कोठून, तारा कोठून, कोणता ओढा अडणार, कोणती पाणंद बुजणार, आयुष्य संपल्यावर ते लोखंड आणि काँक्रीट कोण काढून नेणार, या प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. ग्रामपंचायतीकडे ना-हरकत मागितली गेली, तर ती या उत्तरांशी बांधलेली असावी.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. ती कागदावर राहू देऊ नये. शेत नावावर कोणाच्याही असो, पाण्याची वाट आणि चाऱ्याची वाट घरच्या लक्ष्मीला अधिक ठाऊक असते. सही करण्यापूर्वी घरातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीने कराराचा मराठी मसुदा वाचलेला असावा, एवढा एक नियम जरी कुटुंबाने पाळला तरी निम्मे तंटे जन्मालाच येणार नाहीत.

शेतकऱ्यांनी एकेकटे बोलणीला बसू नये. एका शिवारातील सर्व खातेदारांनी एकत्र येऊन एकच दर, एकच मुदत आणि एकच मसुदा ठरवावा. भाड्यात दर काही वर्षांनी वाढ, पीकनुकसानीची वेगळी भरपाई, मुदत संपल्यावर जमीन पूर्ववत करून देण्याची हमी ही कलमे त्यात असावीत. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. परवानग्यांच्या प्रती त्याद्वारे मागविता येतात. आणि काम नियमबाह्य चालले असेल, तर दगड उचलण्याऐवजी लेखणी उचलावी. तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि वेळ पडल्यास न्यायालय असा तो मार्ग आहे. यंत्राची मोडतोड केली की गुन्हा शेतकऱ्यावर दाखल होतो आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

येथे समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांवर मोठी जबाबदारी येते. प्रत्येक तालुक्यात दोन वकील, एक निवृत्त महसूल कर्मचारी आणि एक विद्युत अभियंता एवढी माणसे मिळणे अशक्य नाही. महिन्यातून एक रविवार त्यांनी एखाद्या गावाच्या पारावर बसून करार वाचून दाखविले, तरी ती मोठी समाजसेवा ठरेल. मोर्चाला हजार माणसे लागतात, करार वाचायला एक पुरतो. मात्र तो एक जण कंपनीचाही मिंधा नसावा आणि पुढाऱ्याचाही.

ऊर्जास्वातंत्र्य देशाला हवेच आहे. परंतु ज्या देशाचे गाव आपल्याच शिवारात परके होते, त्या देशाचे स्वातंत्र्य अपुरे राहते. वारा अडविता येत नाही आणि तो अडविण्याचे कारणही नाही. त्याच्या नावाने येणारा कागद मात्र थांबवून, वाचून, चारचौघांत चर्चून मगच सही करता येते. ज्या गावात असे घडेल, त्या गावात फिरणारे पाते गावाचा अभिमान होईल. ज्या गावात घडणार नाही, तेथे उजेड दूरच्या शहरात पडेल आणि गावाच्या वाट्याला फक्त सावली येईल.